शेंद्री वेगळी, शेंदूर वेगळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सणासुदीच्या पदार्थांना घरच्या घरी रंग कसा आणावा, यावर आपण अर्धे पान छापले. बाजारच्या रंगाच्या पुड्या सोडून लोक पुन्हा बीट, पालक, हळदीकडे वळत असतील तर माझ्यासारखीला आनंदच आहे. पण पानाच्या तळाशी एक चौकट होती. मथळा होता 'स्वयंपाकघरातला शेंदूर' आणि खाली लिहिले होते, 'शेंद्री अर्थात शेंदूर, दोन चमचे, गरम तेलात'. झाडाचा उल्लेख नाही, बियांचा नाही, चित्रही नाही. हे पत्र त्या एका 'अर्थात'पायी लिहिते आहे.

मंगळवारी सकाळी आमच्या शेजारची सून माझ्याकडे आली. मी मखमलाबादला राहते, आमच्या मळ्याच्या बांधावर शेंद्रीचे झाड आहे, आणि मी तीसेक वर्षे डबे करते, हे तिला ठाऊक आहे. तिच्या एका हातात आपल्या अंकाचे कात्रण आणि दुसऱ्या हातात कागदाची पुडी. "काकू, दोन चमचे म्हणजे पोह्याचे की चहाचे?" धाकट्याचा पाचवा वाढदिवस होता आणि तिला जिलेबी घरी करायची होती.

मी पुडी हातात घेतली आणि वजनानेच चरकले. मुठीत मावेल एवढी पुडी, पण हाताला खाली ओढत होती. उघडली तर आत नारिंगी-लाल, मैद्याहून मऊ भुकटी. चिमूट घेतली तशी ती बोटांच्या रेषांत जाऊन बसली. वास कसलाच नाही. रविवार कारंज्याजवळच्या एका पूजासाहित्याच्या दुकानातून तिने ती आणली होती. छापल्याप्रमाणे तिने शेंदूर मागितला, दुकानदाराने शेंदूर दिला. "मारुतीला का?" असे त्याने विचारलेही म्हणे, आणि हिने घाईत मान हलवली. मी दुकानदाराला दोष देत नाही, आणि तिला तर मुळीच नाही. ज्या घरात रोज आपला पेपर येतो तिथे छापील शब्दावर विश्वास ठेवतात.

संपादक महोदय, शेंदूर म्हणजे शिसे. शिशाचे ऑक्साइड, रसायनाच्या भाषेत लेड टेट्रॉक्साइड. शंभर ग्रॅम शुद्ध शेंदरात नव्वद ग्रॅमहून अधिक शिसेच असते, म्हणून तर ती पुडी एवढी जड लागली. शिसे तळून जात नाही, उकळून जात नाही, पाकात मुरवून तर नाहीच नाही. मोठ्या माणसाच्या अंगात जेवढे मुरते त्याच्या चार-पाचपट लहान मुलाच्या अंगात मुरू शकते. ते हाडांत साठते, मेंदूच्या वाढीवर घाला घालते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाचे सुरक्षित म्हणावे असे प्रमाणच नाही. आणि आपल्या चौकटीत दोन चमचे लिहिले आहेत.

आपल्याकडे जुन्या माणसांना हे विज्ञानाच्या पुस्तकाशिवाय माहीत होते. 'गवयाला विड्यातून शेंदूर खाऊ घातला आणि त्याचा गळा गेला' ही गोष्ट आमच्या आजीने आम्हाला किती वेळा सांगितली असेल! गोष्ट खरी की खोटी ते बाजूला ठेवा, पण शेंदूर तोंडात जायची वस्तू नव्हे, एवढे त्या गोष्टीने घराघरात पक्के केले होते. देवघरात शेंदराची डबी वरच्या फळीवर असे आणि मुलांनी हात लावला की हात धुवूनच जेवायला बसायचे. वणीच्या सप्तशृंगीला पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर लावला. २०२२ साली तिच्या मूर्तीवरचा शेंदराचा थर उतरवला आणि आईचे मूळ रूप दिसले, तेव्हा आम्ही मुद्दाम दर्शनाला गेलो होतो. देवाला लावायच्या शेंदराबद्दल माझ्या मनात काडीचाही अनादर नाही. त्याची जागा गाभाऱ्यात आहे, कढईत नाही.

आता शेंद्रीबद्दल. चौकट लिहिणाऱ्याची चूक कशी झाली असेल ते मला समजते, कारण नावाचा हा घोळ दुहेरी नसून तिहेरी आहे. मराठीत शेंद्री नावाने दोन वेगळी झाडे ओळखतात. एक आपल्या सह्याद्रीच्या रानातले, ज्याला कपिला किंवा कुंकूफळ असेही म्हणतात. त्याची फळे वाटाण्याएवढी, तीन फुगीर भागांची असतात आणि लाल भुकटी फळाच्या वरच्या सालीवर असते. ती भुकटी जंतांवर औषध म्हणून देत आणि तिने जुलाब होतात. तीसुद्धा स्वयंपाकात घालायची नाही. दुसरी शेंद्री म्हणजे आमच्या बांधावरची, बिक्सा ओरेलाना. खायचा रंग फक्त हिच्यात आहे, आणि तो हिच्या बियांवर असतो.

हे दुसरे झाड आपल्या मातीतले नाही. ते दक्षिण आणि मध्य अमेरिकेचे. १५४१-४२ साली फ्रान्सिस्को दे ओरेलाना नावाचा स्पॅनिश माणूस ॲमेझॉन नदीतून थेट समुद्रापर्यंत गेला. पुढे १७५३ मध्ये लिनियसने या झाडाचे नाव ठेवले त्यात त्याचे नाव गुंफले. तिथले मूळ लोक फार आधीपासून या बिया अंगाला फासत आणि जेवणातही वापरत. मेक्सिकोत हिला अचिओते म्हणतात, ब्राझीलमध्ये उरुकुम. मिरची, बटाटा, टोमॅटो त्याच बाजूने आले आणि आपल्या घरचे झाले, मग हिला परकी का मानायचे?

आमच्या घरी हे झाड सासऱ्यांनी लावले, १९८७ साली, शोभेसाठी. पाऊस सरत आला की फिकट गुलाबी फुले येतात, पहाटे उमलतात आणि मधमाश्यांचा नुसता गजर असतो. मग लाल, मऊ काट्यांची, टोकाला निमुळती बोंडे. संक्रांतीच्या पुढेमागे ती वाळून तपकिरी होतात आणि मधोमध उकलतात. एक बोंड हातात घेऊन दोन बाजूंना दाबा, पुस्तकासारखे उघडते. आत दोन्ही पानांना चिकटून तीस-चाळीस बिया, कोनाकोनाच्या, ज्वारीच्या दाण्याहून थोड्या मोठ्या, आणि प्रत्येकीवर मेणासारखा लाल लेप. ओल्या बोटाने घासली की बोट केशरी. आमची मुले, पुतण्या, सगळ्यांनी लहानपणी या बियांनी ओठ रंगवले आहेत. पण तीसेक वर्षे आम्ही या झाडाचे एवढेच केले. बोंडे वाळायची, गळायची, पाखरे न्यायची.

स्वयंपाकात ती आली भाचीमुळे. भाची दुबईला परिचारिका आहे. तिच्या खोलीत राहणारी फिलिपिनो मुलगी सुट्टीच्या दिवशी शेंगदाण्याचा कूट घालून मांसाचा दाट रस्सा करायची, करे-करे म्हणतात त्याला, आणि त्याचा रंग आपल्या खानदेशी रश्शासारखा दिसायचा. पण तिखट अजिबात नाही. रंग कशाचा म्हणून विचारले तर तिने बरणीतल्या बिया दाखवल्या. अत्सुएते. भाचीने फोटो पाठवला आणि विचारले, "मावशी, ह्या आपल्या बांधावरच्याच ना?" त्याच होत्या.

त्या मुलीने भाचीला सांगितले आणि भाचीने मला, ते मी इथे नीट लिहिते, कारण चौकटीत 'गरम तेलात' एवढ्यावर सोडून दिले आहे आणि तिथेच बायका फसतील. अर्धी वाटी शेंगदाण्याचे तेल, दोन चहाचे चमचे बिया. बिया थंड तेलातच घालायच्या आणि मग गॅस अगदी बारीक करायचा. फोडणीसारखे तेल तापवून त्यात बिया टाकल्या की त्या क्षणात काळ्या पडतात, तेल कडू होते आणि रंगाऐवजी मातकट पिवळा हाती येतो. माझ्या पहिल्या दोन खेपा अशाच फुकट गेल्या. बारीक आचेवर मिनिटा-दोन मिनिटांत बियांभोवती मोहरीएवढे बुडबुडे धरतात, आणि मग प्रत्येक बीपाशी केशरी धूर सुटावा तसा रंग तेलात उतरू लागतो. तीन-चार मिनिटांत सगळे तेल पिकल्या हापूसच्या रसासारखे होते. तेव्हा लगेच उतरवायचे, निवू द्यायचे आणि मलमलच्या फडक्यातून गाळायचे. बिया दगडासारख्या कडक असतात, त्या खायच्या नाहीत की मिक्सरलाही लावायच्या नाहीत. त्याच बियांवर पुन्हा तेल घातले तर फिकट का होईना, आणखी एकदा रंग मिळतो.

हे तेल काळ्या बाटलीत, कपाटात ठेवावे. उजेडाने रंग उडतो. खिडकीतल्या काचेच्या बरणीतले माझे तेल तीन-चार आठवड्यांत साध्या तेलासारखे दिसू लागले होते. बियाही उन्हात वाळवू नयेत, सावलीतच. चव म्हणाल तर अगदी पुसट, मातीच्या वासासारखी, मागून किंचित मिरीची आठवण. दोन-तीन चमच्यांनी ती पदार्थात कळतसुद्धा नाही.

नाशिकच्या माणसाने याचा पहिला उपयोग मिसळीत करावा. मिसळीवर लाल तवंग हवाच असतो आणि तो आणायला मिरची वाढवत न्यावी लागते, नाहीतर रंगाची चिमूट टाकावी लागते. माझ्या डब्यांत मुले आहेत, आम्लपित्ताची माणसे आहेत. मी मसाला नेहमीचा, मिरची निम्मी घालते आणि रस्सा उकळून गॅस बंद केल्यावर वरून शेंद्रीचे तेल पळीभर सोडते. आधी फोडणीत घालत नाही, कडकडीत तेलात रंग मरतो. तवंग असा धरतो की मटकी खालून दिसू नये, आणि पाच वर्षांचे पोरही पाणी न पिता खाते. या झाडाचा रंग मुळात तेला-तुपात विरघळणारा आहे. बिक्सिन म्हणतात त्याला, गाजरातल्या रंगाच्याच कुळातला. म्हणून तवंगासाठी त्याच्यासारखे दुसरे काही नाही.

नारळी भाताला तेलाऐवजी साजूक तुपात बिया तापवाव्यात. चार वाट्या भाताला एक पोह्याचा चमचा रंगीत तूप पुरते. रंग सुरेख येतो, पण कृपा करून त्याला केशरी भात म्हणून कोणाला वाढू नये. केशराचा वास आणि केशराची किंमत दोन्ही वेगळी, आणि शेंद्री घालून केशर घातले असे सांगणे ही फसवणूक आहे. व्यवसाय करणाऱ्या बायकांना मी हे आवर्जून सांगते.

जिलेबीचे मात्र मला पुष्कळ शिकावे लागले. पाण्यात रंग हवा तर कोमट पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून त्यात बिया चोळतात. सोड्याने रंग पाण्यात उतरतो. (हळदीत सोडा पडला की ती लाल होते, तसे इथे होत नाही, केशरीच राहतो.) ते पाणी मी जिलेबीच्या आंबवलेल्या पिठात घातले. पीठ रात्रभराचे, चांगले आंबट. तासाभराने पाहते तर रंग फाटून बारीक कण झालेले, जसे नासलेल्या दुधाचे होतात. आंबटाशी या पाण्यातल्या रंगाचे जमत नाही, तो साका होऊन खाली बसतो. चिंच, कोकम, लिंबू, सगळ्यांशी तेच. तेव्हापासून मी पिठाला मोहनाचे जे चमचाभर तूप लागते तेच शेंद्रीत तापवून घालते. तूप पिठात छान घोटले की रंग सारखा पसरतो. जिलेबी दुकानातल्यासारखी लालभडक होत नाही. पिवळसर केशरी होते, कडेला थोडी गडद. माझ्या मते जिलेबीचा रंग मुळात असाच असायला हवा. आपल्या डोळ्यांनाच भडकपणाची सवय लागली आहे.

या भडकपणाबद्दल दोन शब्द लिहिते, कारण आपल्या पानाचा मूळ विषय तोच होता. सगळे कृत्रिम रंग विष, असे मी म्हणणार नाही. आपल्या देशात आठ कृत्रिम रंगांना ठरावीक मर्यादेत परवानगी आहे. त्यातलेही काही रंग खाण्यात असतील तर 'मुलांच्या चंचलतेवर परिणाम होऊ शकतो' असा इशारा युरोपात २०१० पासून पाकिटावर छापावा लागतो, हे पालकांनी लक्षात ठेवावे. खरी भीती परवानगी नसलेल्या रंगांची. लाडू-जिलेबीत सापडणारा मेटॅनिल यलो, म्हातारीच्या केसांत सापडलेला ऱ्होडामाइन बी. हा दुसरा कापड रंगवायचा रंग आहे आणि २०२४ मध्ये त्याच्यापायी तमिळनाडूने आणि मग कर्नाटकाने बंदी आणली. बाजारातून सुट्या कागदात बांधून मिळणारा, पाकीट नाही, क्रमांक नाही असा रंग कोणीच घेऊ नये. शेंद्री मात्र आपण न कळत खातच आलो आहोत. पिवळ्या बटरच्या किंवा चीजच्या पाकिटावर बारीक अक्षरात '१६०बी' दिसले तर ती हीच. तिलाही क्वचित कोणाची ॲलर्जी निघते, म्हणून पहिल्यांदा थोडेसे खाऊन पाहावे. चौकटीत ती 'रक्त शुद्ध करते, साखर आटोक्यात ठेवते' असेही लिहिले होते. चमचाभर तेलातून काय साखर आटोक्यात येणार? रंगाला रंगच म्हणावे.

म्हणून माझी विनंती अशी. दुरुस्ती छापा, आणि ती आतल्या पानावर दोन ओळींत नको. त्याच पुरवणीत, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा. शेंदूर हा शब्द कुठल्याही पाककृतीत येऊ देऊ नका. 'शेंद्रीच्या बिया' असेच लिहा, कारण बिया म्हटले की ग्राहक भुकटी घेणार नाही आणि दुकानदारही देणार नाही. शक्य झाल्यास तयार भुकटी घेऊच नका असेही लिहा. बी डोळ्यांनी ओळखता येते, भुकटीत काय आहे ते आपल्याला दिसत नाही. आणि ज्यांनी ते कात्रण कापून ठेवले असेल, फ्रीजवर चिकटवले असेल, त्यांना ते काढून टाकायला सांगा. आपला अंक पार सुरगाणा-पेठेपर्यंत जातो. तिथल्या एखाद्या घरी शेंद्री म्हणजे कपिला असेल, पंचवटीत एखाद्या घरी शेंदूर असेल. माझ्या शेजारणीला विचारायला मी होते.

त्या दिवशी मी स्टीलच्या ताटलीत एका बाजूला तिच्या पुडीतला शेंदूर आणि दुसऱ्या बाजूला माझ्या बरणीतल्या बिया ठेवल्या. लांबून रंग जवळजवळ एकच. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग तिचे हात थरथरायला लागले. आम्ही ती ताटली तीनदा घासली आणि स्वयंपाकातून काढून टाकली. पुडी वेशीच्या मारुतीला दिली. जिलेबी संध्याकाळी माझ्याच ओट्यावर केली. वाढदिवसाच्या मुलाने "ही पिवळी का?" असे एकदा विचारले आणि चार खाल्ल्या.

सोबत एक वाळलेले बोंड आणि पाकिटात वीस-पंचवीस बिया पाठवते आहे. दुरुस्तीबरोबर त्यांचा फोटो छापावा, शेजारी ओळखीसाठी एक रुपयाचे नाणे ठेवावे म्हणजे आकार कळेल. पाकीट जपून उघडा. बियांचा रंग कागदाला लागलेला असेल, आणि पांढऱ्या शर्टावरून तो लवकर निघत नाही.

कळावे,
आपली जुनी वाचक,
मखमलाबाद, नाशिक